शेलारबाई आणि पाच जणांची भिंत

निनाद पाठीवर पडला होता आणि त्याच्यावर पोरांचा ढीग होता. ढिगातली पोरं एकेक करून उठली, शेवटी तो एकटा राहिला. तो उठला नाही. हेल्मेट तिरकं झालं होतं, एक हात अंगाखाली गेला होता, दुसऱ्या हाताची बोटं हलत नव्हती. पंचाने शिट्टी मारली. कोच डग धावत निघाला, पण त्याच्या आधी मैदानाची दोरी ओलांडून शेलारबाई आत शिरल्या. त्यांनी गळ्यातली स्वतःची शिट्टी काढून मारली. ती पंचाच्या शिट्टीपेक्षा मोठी वाजली. दोन्ही बाजूंची पोरं जागच्या जागी थांबली, पंचही थांबला, आणि बाई कुणाला न विचारता माझ्या नातवाच्या छातीशी उकिडव्या बसल्या.

मी दोरीबाहेर घडीच्या खुर्चीवर होते. माझे गुडघे असे आहेत की मी तिथे पोचेपर्यंत पोरगं एकतर बरं झालं असतं, नाहीतर गेलं असतं. म्हणून मी बसून राहिले. माझी सून वैशाली गाडीत होती. तिला बघवत नसे, म्हणून प्रत्येक मॅचला ती पार्किंगमध्ये बसून ऑफिसचे फोन करायची. त्या दिवशी मॅचसाठी अल ऐन शहराला निघण्यापूर्वी तिने नाश्त्यालाच सांगून ठेवलं होतं, "आणखी एकदा लागलं की खलास. पुण्याला माझ्या भावाकडे पाठवते. बारावी तिथे करेल, आणि खेळेल तर कॅरम खेळेल." वैशाली बोलते ते करते. माझ्या घरात हा गुण तिच्या एकटीत आहे.

आणि निनाद पडला तो बाईंमुळेच पडला होता. तेव्हा बाई कोण ते आधी सांगते.

दुबईत ऊद मेथा भागात आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये त्या राहायच्या. जवळच्या एका भारतीय शाळेत, निनादच्याच, पी.टी. शिकवायच्या. मूळच्या सांगलीच्या. तरुणपणी कबड्डी खेळायच्या, डाव्या कोपऱ्यात. त्यांचे मिस्टर देराला एका ट्रेडिंग ऑफिसात होते. इतका गरीब माणूस की लिफ्टचं दार अंगावर आलं तर दारालाच सॉरी म्हणायचा.

बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी कायम एकत्र असायची. हळदीकुंकवाला आल्या तरी शिट्टी होतीच, आणि भरजरी साडीखाली पळायचे बूट. जेवायच्या उभ्याने. बसून जेवलं की माणूस जड होतो म्हणायच्या, आणि स्वतः चांगल्या जड होत्या. पॅसेजमध्ये त्यांनी शिट्टी मारली की वॉचमन वर यायचा आणि चार दारं उघडायची. बहुतेक वेळा त्यांना फक्त कोथिंबीर हवी असायची.

माणूस त्या पायांवरून ओळखायच्या. "चेहरा खोटं बोलतो आक्का, पाय बोलत नाही." मी भारतातून पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "डाव्या पायावर भार टाकताय. जिन्यात कुणीबी पाडंल तुम्हाला."

मी म्हटलं, "मला कोण कशाला पाडेल?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

माझा मुलगा प्रशांत बँकेत आहे. त्याच्याबद्दल त्यांचं मत, "हा बोनस रेषेला पाय लावून परत पळणारा गडी. स्वतःपुरता एक गुण घेईल. पकडीला ह्याला बोलवू नका." प्रशांतला राग आला. वैशालीला फार आवडलं. ती अजून भांडणात ते वापरते.

बाईंचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं. पाय धरा, माणूस आपोआप येतो. हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा गणपतीच्या आरतीनंतर एका घरचं लहान पोर पार्किंगमध्ये पळालं. मागून गाडी रिव्हर्स येत होती. सगळ्या बायका ओरडल्या, पण बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी झेप घेतली, सिमेंटवर पूर्ण आडव्या झाल्या, आणि पोराचा घोटा धरला. गाडी पुढून गेली. पोर तोंडावर आपटलं आणि समोरचा दात पडला. आई आधी रडली आणि मग बाईंवर चिडली, असं कुणी धरतं का म्हणून. बाई उठल्या, कोपराचं रक्त सलवारला पुसलं आणि म्हणाल्या, "दात येतोय परत. पोर येत नाही."

आता त्या खेळाचं. निनाद सोळाचा होता तेव्हा अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला. नावात फुटबॉल आहे, पण पायाचा संबंध पळण्यापुरता. डग नावाचा एक अमेरिकन मास्तर शुक्रवारी संध्याकाळी पोरं जमवायचा. निनाद होता क्वार्टरबॅक. म्हणजे काय, तर चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि त्याने तो लांब पळणाऱ्या आपल्या पोराकडे फेकायचा. तोवर समोरची दांडगी पोरं त्याला आडवं करायला धावतात. म्हणून त्याच्यापुढे पाच जण उभे असतात. त्या पाच जणांना चेंडूशी काही देणंघेणं नसतं. त्यांनी फक्त ह्याला वाचवायचं. मला हे एकदा सांगितल्यावर कळलं. प्रशांतला अजून कळलेलं नाही.

सुरुवातीला ते पाच जण बघण्यासारखे होते. कॅनडाचा एक, अमेरिकेचे दोन, एक लेबनॉनचा, एक दक्षिण आफ्रिकेचा. एकेक पोरगं फ्रिजएवढं. त्यांच्यामागे निनाद असा आरामात उभा राहायचा की मला वाटायचं, ह्याला खुर्ची द्यावी. चेंडू लांब जायचे. प्रशांत ऑफिसात फोटो दाखवायचा.

मग दोन हजार आठची मंदी आली. क्रेन थांबल्या, साइटी बंद पडल्या, आमच्या इमारतीत रोज कुणाचं तरी सामान खाली जायला लागलं. ज्यांचे बाप मोठ्या पगारावर होते ते आधी गेले, आणि फ्रिजएवढी पोरं त्यांचीच होती. एका शुक्रवारी कॅनडा आला नाही. पुढच्या शुक्रवारी लेबनॉन नाही. लोक पेपरात शेअरचा भाव बघायचे. मला मंदी निनादच्या पाठीवर दिसायची, दर शुक्रवारी नवा निळा डाग.

फ्रिज गेले त्यांच्या जागी जे हाताला लागलं ते उभं केलं. करीम नावाचा इजिप्तचा पोरगा होता, आकाराने ठीक, पण कुणी जोरात बोललं तरी त्याचे डोळे भरायचे. जोजी नावाचा मल्याळी होता. तो दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. उरलेले तीन त्याहून बारीक. समोरची पोरं ह्यांच्यामधून अशी यायची जशी बायका मण्यांच्या पडद्यातून येतात.

मग जो तो निनादला बोलायला लागला. डग म्हणाला, "ही होल्ड्स द बॉल टू लाँग." प्रशांत म्हणाला, "कॉन्फिडन्स नाहीये त्याच्यात, माइंडसेट चेंज करायला पाहिजे." घरात तर निनादचं भलतंच चाललं होतं. कुकरची शिट्टी झाली की ह्याचं डोकं खाली. पोळी घेण्याआधी डावीउजवीकडे बघायचा. मी मागून दुधाचा पेला घेऊन गेले तर टेबलाखाली गेला.

मी बाईंना म्हटलं, बघा जरा. त्या एका शुक्रवारी आल्या, सगळी मॅच उभ्याने बघितली. घरी आल्यावर म्हणाल्या, "आक्का, पोराचा हात चांगला हाय. नजर चांगली हाय. पाय तर फारच चांगले. पण पुढं भिंत नाही हो, पडदा हाय. आणि पडद्यामागं उभा राहिलेला माणूस लांब कशाला बघंल? तो पडदाच बघत बसतो. हे पोरगं आता चेंडू कुठं टाकायचा ते बघतच नाही. मार कुठनं येतोय ते बघतंय."

"मग सोडू दे खेळ," मी म्हटलं.

"सोडला तर जन्मभर कुकरला भिईल."

वैशालीला हे पटलं नाही, तर बाईंनी आमच्या हॉलमध्ये सिद्ध करून दाखवलं. निनादला टीव्हीपुढे चेंडू देऊन उभं केलं. वैशालीला स्वयंपाकघराच्या दारात. मला एक लोड दिला, मिस्टर शेलारांना दुसरा. शिट्टी झाली की आम्ही दोघांनी निनादवर धावून जायचं आणि त्याने वैशालीकडे चेंडू टाकायचा. मी धावले, म्हणजे चालले. मिस्टर शेलार प्रत्येक वेळी मारण्याआधी "सॉरी हं निनाद" म्हणायचे. तरी पोराने डोळे मिटले. एक म्हातारी आणि एक सॉरी म्हणणारा माणूस, हातात कापूस, आणि ह्याने डोळे मिटून चेंडू टाकला. तो प्रशांतला बँकेने दिलेल्या काचेच्या बक्षिसावर गेला.

"बघितलंत?" बाई वैशालीला म्हणाल्या. "हात बिघडलेला नाही. काच बरोबर मधोमध फुटली."

मग त्यांनी त्या पाच पोरांना हातात घेतलं. इमारतीमागे मोकळी वाळूची जागा होती, तिथे रोज संध्याकाळी. दोनतीन पोरं त्यांच्याच शाळेची, त्यामुळे शिट्टीला आधीच भ्यायची. बाईंची हिंदी सांगलीतून निघाली ती कोल्हापूरपर्यंतच आली होती. "हाथ में हाथ घालो. साखळी. ऐसा नीचे बैठो. वो आया, के तू पैर पकड, और तू कंबर. करीम, रोता क्यूं है? अभी तो किसी ने मारा भी नहीं."

करीम म्हणाला, "इन्शाल्ला नेक्स्ट टाइम, मिस."

"इन्शाल्ला नहीं. अभी. यल्ला, चलो."

पोरं शिकली. खरंच शिकली. वॉचमनला मधे धावायला लावायच्या आणि पाच जण त्याला असा गुंडाळायचे की तो हसत हसत हिंदीत शिव्या द्यायचा. आसपासचे कामगार काम सुटलं की बघायला थांबायचे. जोजीला घोटा धरायचं इतकं जमलं की तो हवेत लटकला तरी सोडत नसे. डग त्या दिवसांत स्वतःच दुसरी नोकरी शोधत होता. एकदा आला, पोरं हातात हात घालून वाकलेली दिसली, "ग्रेट, लव्ह द टीम स्पिरिट" म्हणाला आणि फोनवर बोलत निघून गेला.

निनाद एकदा बाईंना म्हणाला, "मिस, यू कान्ट होल्ड देम. इट्स अ फाउल."

"पकडायचं नाही तर काय ओवाळायचं समोरच्याला?"

"मिस, आय ॲम सीरियस."

"मी काय विनोद करतेय? चल, पळ."

पहिलीपासून तो त्यांच्या शिट्टीवर पळत आलेला. पळाला.

तर अल ऐन. समोरचा संघ खात्यापित्या घरचा. पहिल्याच डावाला चेंडू निनादकडे आला आणि समोरची पोरं धावली. आमचे पाच जण खाली बसले, साखळी केली आणि मिळेल तो पाय धरला. समोरची आख्खी रांग तोंडावर. निनाद उभा होता. त्याच्याकडे कुणी आलंच नाही. आधी त्याने इकडेतिकडे बघितलं, काहीतरी चुकलंय असं वाटून. मग बस स्टॉपवर उभा असल्यासारखा उभा राहिला. मग त्याने मान वर केली, लांब बघितलं आणि टाकला. इतका लांब गेला चेंडू की पलीकडच्या पोराने तो धरला आणि शेवटच्या रेषेपार पळाला. मी खुर्चीतून उठले. गुडघे नंतर आठवले.

बाई म्हणाल्या, "ह्याला म्हणतात भिंत."

तेव्हा मैदानात जागोजागी पिवळी फडकी पडलेली दिसली. चूक झाली की पंच फडकं टाकतो. ते सगळं रद्द झालं. पुन्हा डाव, पुन्हा साखळी, पुन्हा फडकी. पंच डगला बोलावून ओरडला की पुन्हा असं केलंत तर पाचही जणांना बाहेर काढीन. डग लाल झाला. त्याने पोरांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण हात दाखवून दाखवून सांगत होता.

"काय म्हणतोय तो?" बाईंनी मला विचारलं.

"मला काय कळतंय? हातांचं काहीतरी आहे."

पोरं घाबरली. हात लावायचा नाही इतकंच त्यांच्या डोक्यात राहिलं. पुढच्या डावाला ती पाचही जणं उभी राहिली, पाय फाकून, दोन्ही हात पाठीमागे बांधून. पी.टी.त विश्राम म्हटल्यावर उभी राहतात तशी. बाईंनी ते बघितलं आणि हात शिट्टीकडे नेला. समोरची पोरं आली, विश्रामातल्या रांगेतून सरळ आत गेली, आणि निनाद खाली गेला.

बाई त्याच्या छातीशी बसल्या ते तेव्हा. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि डगला मराठीत म्हणाल्या, "दम गेलाय. बाजूला हो, वारा येऊ दे." मग निनादला म्हणाल्या, "म्हण, कबड्डी."

काही नाही.

"म्हण. दम आला की नाही ते मला कळू दे. कबड्डी."

निनादचे ओठ हलले. मैदान इतकं शांत होतं की मलाही ऐकू आलं, कबड्डी, कबड्डी, बारीक आवाजात, आणि मग तो म्हणाला, "मिस, प्लीज गो. एव्हरीवन इज वॉचिंग."

"लाज वाटतेय," बाई उठत म्हणाल्या. "वाचला."

डगने त्याला बोटं दाखवली, हात वरखाली करायला लावला, डोळ्यांत बघितलं. सगळं जागेवर होतं. पण तोवर वैशाली दोरीपाशी आली होती, फोन हातात, पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"निनाद, गाडीत बस."

बाई मध्ये आल्या. "वैशाली, पोराची चूक नाही. मी पोरांना पकडायला शिकवलं. ह्या खेळात पकडायचं नसतं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता. त्यानं आधी सांगितलं होतं."

"मग?"

"मी ऐकलं नाही."

"मग तुम्हाला पाठवू का पुण्याला?"

"पाठवा," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या भावाला झेपंल का बघा."

वैशाली हसली नाही. तेव्हा निनाद म्हणाला, "मम्मा, त्या फर्स्ट थ्रोला... आय सॉ हिम. आय सॉ ऑल द वे डाउन."

"काय?"

"त्याला लांबचं दिसलं," बाई म्हणाल्या. "लबाडीच्या भिंतीमागनं का होईना, पण दिसलं. आता नेलंत तर शेवटची आठवण ढिगाखालची राहील."

वैशालीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "आजची मॅच संपेपर्यंत. मी इथे उभी आहे. पुन्हा तसा पडून राहिलास तर तिकीट काढते."

बाई पाच पोरांकडे गेल्या. डगने अडवलं नाही, त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. "हाथ नहीं. पैर नहीं. तो क्या बचा? अंग बचा. अंग बीच में डालो. गिरना है तो उसके आगे आडवा गिरो. मुडदे को भी ओलांडने को टाइम लगता है." मुडदा कळला की नाही माहीत नाही, पण आडवं पडायचं कळलं. निनादला म्हणाल्या, "त्यांच्याकडं बघू नकोस. ती पडणारच हायत. तू लांब बघ आणि लवकर टाक."

पोरं पडली. प्रत्येक डावाला पडली. जोजी तर धक्का लागण्याआधीच पडायचा, पण बरोबर समोरच्याच्या पायांत पडायचा. करीम रडत होता आणि रडत रडत जागेवर उभा होता. त्यांच्या पडण्यातून निनादला एक श्वास मिळायचा आणि तेवढ्यात तो टाकायचा. लांब नाही, जवळच. पण डोळे उघडे. नंतर त्याला पाडलं तर पाडलं, तोवर चेंडू गेलेला असायचा आणि हा आपला आपण उठायचा. आम्ही वाईट हरलो. आकडा सांगण्यात अर्थ नाही. वैशाली शेवटपर्यंत दोरीपाशी उभी होती, फोन वाजत होता आणि तिने तो घेतला नाही.

परत येताना वैशाली गाडी चालवत होती. दुबई जवळ आल्यावर वैशाली पुढे बघतच म्हणाली, "पुढच्या शुक्रवारची मॅच कुठे आहे?"

मागच्या सीटवर बाई झोपल्या होत्या. निनादने सांगितलं.

त्या वर्षी शाळेला सुट्टी लागली तेव्हा मिस्टर शेलारांचं देराचं ऑफिस बंद झालं. बाईंची शाळा होती, पण घर त्या एका पगारावर चालणारं नव्हतं. ते सांगलीला निघाले. निरोप घ्यायला बाई आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या, उभ्याने चहा प्यायल्या, आणि मला म्हणाल्या गुडघ्याला तेल लावा. रडणं वगैरे काही झालं नाही. आम्हा दोघींनाही ते येत नव्हतं. नंतर मी बाल्कनीत गेले. खाली टॅक्सी उभी होती. वर बघतील म्हणून मी हात वर केला. त्यांनी बघितलं नाही. डिकीत बॅगा कशा रचायच्या ते त्या टॅक्सीवाल्याला शिकवत होत्या, आणि तो चांगला सहा फुटी पठाण मान खाली घालून ऐकत होता. मिस्टर शेलार गाडीत बसले होते.

पुढच्या वर्षी संघ उरला नाही. डग गेला, जोजीचे वडील गेले, करीमचे राहिले. प्रशांतची बँक राहिली, त्याची केबिन गेली. बाई सांगलीत आजारी न पडता वारल्या, मिस्टर त्यानंतर. निनाद दुबईतच आहे, बायको आणि एक मुलगी आहे, दोन्ही खांदे धड आहेत. वैशाली आहे. मी आहे.